बर्फाची पेटी धाकूला, काढ्याचं पातेलं जगनला

मी, आवडाबाई गोमाजी नाखवा, विधवा, धंदा मासेविक्री, राहणार कोळीवाडा, ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता सांगते. शेजारचा आनंदा तांडेल लिहून घेतो आहे. त्याला बजावलंय, मी बोलते तसंच लिही, शहाणपणा करून सुधारू नकोस. रक्ताच्या कॅन्सरने अंगात काही ठेवलेलं नाही, पण डोकं शाबूत आहे. दोघांनी काय केलं ते सगळं लक्षात आहे.

१. दोघे म्हणजे माझा मुलगा जगन आणि धाकटा दीर धाकू. आजार कळल्यावर जगनने मुंबईच्या डॉक्टरांकडून इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू केली. डॉक्टर म्हणाले, ही सुई अंगातलीच ताकद रोगाशी लढायला उभी करते. धाकू शीळफाट्याजवळ झाडपाल्याचं औषध देतो, त्याने गुळवेलीचा काढा सुरू केला. मी डॉक्टरांना दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, "घ्या, पण माझ्यापासून काही लपवू नका. दर वेळी रक्त तपासू." रक्त सुधारलं. मी पुन्हा बाजारात बसले, गिऱ्हाइकांशी भांडले.

तेव्हाच मी बोलून गेले, ज्याच्या औषधाने उठले त्याला घर. घोडबंदर रोडचा बिल्डर आमच्या गल्लीत फिरायला लागला होता, म्हणून दोघांनाही माझा भारी पुळका आला. जगन म्हणायचा, "आये, तू सुईनंच उठलीस." धाकू म्हणायचा, "वयनी, सुई कसली? माझा काढा लागला तुला."

२. मासे ठेवायची बर्फाची पेटी धाकूला. घरात फ्रीज नाही, म्हणून इंजेक्शनं तिच्यात फडक्यात गुंडाळून ठेवायचो. गार ठेवा पण गोठू देऊ नका, गोठलं की औषध मेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. धाकू गुपचूप बर्फावर जाडं मीठ टाकायचा. मिठाने बर्फाचा गारठा किती कडक होतो हे कोळ्याला शिकवावं लागत नाही. कुपी गोठायची, बर्फ उतरला की वितळायची, आणि तीच मला टोचली जायची.

३. काढ्याचं पितळी पातेलं जगनला. धाकूचा काढा तो मोरीत ओतायचा आणि मला किराईत उकळून पाजायचा. कडूच्या जागी कडू. आजाराने माझ्या तोंडाची चव गेलेली, मला काय कळणार?

दुसऱ्याचं बंद केलं तरी म्हातारी उठते, एवढंच दोघांना दाखवायचं होतं. प्रत्येकाने एकेकच बंद केलं. माझी दोन्ही बंद झाली.

रक्त बिघडलं तेव्हा माझ्या उशाशी भांडताना हे बाहेर पडलं. "तू मीठ टाकलंस!" "तू काढा ओतलास!" मी म्हटलं, "अरे मेल्यांनो, मग मी घेत काय होते?" डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला.

४. सून सुहासिनी हिला माझी नथ. तिने मला गोड बोलून कधी काही पाजलं नाही.

५. अग्नी माझी मुलगी रंभा देईल. भटजी कुरकुरला तर त्याला परत पाठवा. जगन आणि धाकू यांनी तिरडीला हात लावायचा नाही. रडायचं असेल तर खाडीवर जाऊन रडा.

६. राहतं घर डोंबिवलीला दिलेल्या माझ्या रंभाला, एका अटीवर. या दोघांपैकी कोणाला माझाच रोग झाला, तर तिने त्याला दारातून परतवून लावू नये. माझ्याच खाटेवर झोपवावं. मात्र त्याचं औषधपाणी दुसऱ्यानेच करायचं. जगनची इंजेक्शनं धाकूने पेटीत ठेवावीत. धाकूचा काढा जगनने उकळावा.

लिहिलेलं मला वाचून दाखवलं. एकही शब्द मऊ करायचा नाही.

आवडाबाई गोमाजी नाखवा (डाव्या हाताचा अंगठा)

आमच्यासमोर अंगठा उठवला, तेव्हा बाई पूर्ण शुद्धीवर होत्या:
१. महिपत हिरू भोईर (सही)
२. गंगुबाई पांडू तांडेल (सही)

ठाणे, ९ नोव्हेंबर १९९३