ऊब धरणारं घर

२ डिसेंबर

आलो एकदाचे. घर पाहताक्षणीच मनात भरलं. वर दोन खोल्या, खाली ऐसपैस स्वयंपाकघर आणि तळघरात गॅसवर चालणारं हीटिंगचं यंत्र. ते तापवलेली हवा भिंतीतल्या जाळ्यांतून खोल्याखोल्यांत सोडतं, आणि उन्हाळ्यात त्याच जाळ्यांतून गारवा. सासूबाईंनी खिडकीजवळची खुर्ची पटकावली आणि आता इथून हलणार नाही असं जाहीर करून टाकलं. हे परवा कामावर जातील ते शनिवारीच उगवतील. म्हणजे घर लावायचं माझ्या गळ्यात. मला ते आवडतं हा भाग वेगळा.

४ डिसेंबर

मेकॅनिक येऊन गेला. भलता बोलका माणूस. फिल्टर काढून दाखवला तर त्यावर धुळीची गोधडीच. फिल्टर तुंबला की यंत्र दुप्पट राबतं आणि गॅस फुकट जातो, म्हणाला. जाळ्यांपुढे कपाट ठेवू नका, दाराखिडक्यांच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवा, थर्मोस्टॅट बावीसवर लावा आणि त्याच्याशी खेळत बसू नका. खोली बावीसच्या खाली उतरली तरच यंत्र पेटतं.

जाता जाता म्हणाला, आधीच्या आजीबाई बिचाऱ्या थंडीनं गेल्या. मी म्हटलं, बरोबरच आहे, त्या वयात कुठली सोसते, लेकीकडे गेल्या असतील. तो काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात दूध उतू गेलं आणि विषय तिथंच राहिला.

७ डिसेंबर

सगळ्या फटी बुजवल्या. नवा फिल्टरही मीच बसवला, मेकॅनिकनं शिकवल्याप्रमाणे आधी गॅसचा कॉक बंद करून. हे आले ते हसतच सुटले. सासूबाई म्हणाल्या, आमची सून वारासुद्धा फुकट जाऊ द्यायची नाही. म्हणा खुशाल. घर कसं ऊब धरून आहे. यंत्राची घरघरसुद्धा ऐकू येत नाही.

१२ डिसेंबर

सासूबाईंना थंडी वाजते. मी अर्ध्या बाह्यांत वावरतेय आणि त्या दोन शालींत कुडकुडतायत. हात लावला तर बर्फ. थर्मोस्टॅट पाहिला, बरोबर बावीस. डॉक्टर म्हणाले, वय झालं, उबेत ठेवा, बाहेर अजिबात नेऊ नका.

चार दिवसांत त्यांनी मला एकही टोमणा मारलेला नाही. मला त्याचीच भीती वाटते.

१५ डिसेंबर

तळघरात गेले होते. म्हटलं यंत्र नीट चालतंय का बघावं.

गॅसचा कॉक बंद आहे. फिल्टर बसवल्यावर उघडायचा मीच विसरले. बर्नर थंडगार पडलाय, त्यावर कोळ्यानं जाळं विणलंय. म्हणजे आठवडाभर यंत्र पेटलेलंच नाही. बाहेर बादलीतलं पाणी गोठलंय, आणि घरात बावीस.

मग ही ऊब येते कुठून?

१६ डिसेंबर

मेकॅनिकला फोन केला. बंद कॉक, बावीसचा आकडा, खिडकीजवळ कुडकुडणाऱ्या सासूबाई, सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताई, त्या आजीबाई गेल्या म्हणजे वारल्या हो. त्याच खोलीत, खिडकीजवळ. खोली उबदार आणि बाई बर्फासारख्या. यंत्र बंद होतं. त्यांनाही कुणी वय झालं म्हणूनच सांगितलं होतं. सासूबाईंना आजच्या आज तिथून हलवा, एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

ह्यांना कळवलं. गाडी घेऊन उद्या दुपारी पोचतील. तोवर सासूबाईंना ह्या गोठवणाऱ्या थंडीत एकटीनं नेऊ कुठं?

पट्ट्या ओरबाडून खिडकी उघडली. आकडा एकवीसवर आला आणि लगेच पुन्हा बावीस. सासूबाई कण्हल्या. त्यांचे ओठ निळे पडले. मी खिडकी लावून घेतली. गेलेली ऊब घर त्यांच्यातूनच भरून काढतंय. आणि मीच फटी बुजवून त्यांना ह्याच्या तोंडी दिलं.

१७ डिसेंबर, सकाळ

सुचलं. यंत्र पेटलं तर घर गॅस खाईल, माणूस नाही. कॉक उघडला. पण खोली बावीस आहे, यंत्र पेटेल कशाला. म्हणून थर्मोस्टॅट तीसवर नेला. आता पेटायलाच हवं.

थोड्या वेळानं

पेटलं नाही. आकडा चढतोय. तेवीस. चोवीस — बर्नर काळाच —

काय करून बसले मी. तीस मागितले, आणि ते घर त्यांच्याकडून —

बटण मागं फिरवलं. बावीस, वीस, शून्य. लावलेला आकडा तीसच दिसतोय. भिंतीवरून उपटलं तरी जाळ्यांतून ऊन हवा —

त्यांना दाराकडं ओढतेय. उचलवत नाहीत. माझ्या हातांत जोर — आई म्हणाल्या, तू जा गं. मी नाही जाणार —

दुपार

आईंचा हात हातात आहे. श्वास नाही. केव्हा थांबला कळलंच नाही.

जमिनीवर पडलेल्या थर्मोस्टॅटच्या डबीत अठ्ठावीस दिसतायत. अजून दोन हवेत. माझी बोटं वळेनात — पेन —

बाहेर गाडी थांबली. ओरडतेय, आवाज फुटत नाही — अहो, आत येऊ न