विहिरीतल्या तेलाचं मूळ

तीर्थरूप अप्पांना, देहरादूनहून रेणूचा पाया पडून नमस्कार.

मी बरी हाय. इथं थंडी लई पडायलीय, पर तुमचं घोंगडं हाय. आईचे गुडघे कसे हायत?

आपल्या विहिरीत तेल लागलं म्हणून मेहकरात नारळ फुटायलते, तवा तुमच्या लेकानं, नागराजनंच मला त्या पाण्याची बाटली पाठवली होती. मी लॅबमध्ये तपासलं. जमिनीतल्या कच्च्या तेलात कोट्यवधी वर्षांमागच्या शेवाळाच्या खुणा ऱ्हात्यात, त्यावरून ते कुठल्या खडकातलं ते कळतं. बाटलीत तसलं काही नव्हतं. ते रिफायनरीत गाळलेलं डिझेल होतं, अन् विहिरीच्या वरच्या अंगाला पेट्रोल-डिझेलचा पंप एकच, सिद्धरामअण्णांचा. त्यांची जमिनीतली टाकी गळायलीय.

फोनवर हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "गप ऱ्हा पोरी. नागराजची सोयरीक त्यांच्याच घरात ठरलीय."

अप्पा, माझी पोर दगडातलं तेल ओळखती म्हणून तुम्हीच गावभर सांगत होता न्हवं? मग ओळखल्यावर गप कामून बसू? लेकरं तेच पाणी पितेत. म्हणून मी रिपोर्ट तहसीलला पाठवला.

काल नागराजचा फोन आला. पंप बंद झाला, सोयरीक मोडली. "आमच्यासाठी तू मेलीस," म्हणाला. मागून तुमचा आवाज येत होता, पर तुम्ही त्याला अडवलं न्हाई.

आता तरी ते पाणी कुणी पिऊ नका. दिवाळीला येणार होते, तिकीट रद्द केलंय.

तुमची म्हणायचं का न्हाई, ते तुम्हीच ठरवा,
रेणू