साधी सर्दी

१२ डिसेंबर
माझ्या तान्ह्या मैत्रीला दूध ओढवत नाही. दोन घोट घेते, सोडते, धापा टाकते. बरगड्यांखाली खळगा पडतोय. सासूबाई म्हणाल्या कफ आहे, ओव्यानं शेकू. केडगावच्या डॉक्टरांनी मात्र बघितल्याबरोबर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

१३ डिसेंबर
ऑक्सिजन लावलाय. आरएसव्ही नावाचा विषाणू आहे. मोठ्या माणसांचं नुसतं नाक गळतं, पण तान्ह्यांच्या बारीक श्वासनळ्या सुजतात, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. आणि ही तर दिवस भरायच्या आधीच जन्मलेली. मी औषध विचारलं.
"याच्यावर औषध नाही. ऑक्सिजन द्यायचा आणि वाट बघायची."
गेल्या आठवड्यात तिचा बाबा, नितीन, शिंकत होता. साधी सर्दी! हे ऐकून तो बाहेर गेला, तो बाहेरच बसून राहिला.

१५ डिसेंबर
शेजारच्या खाटेवर भीमाबाई. पाथर्डीकडची. नवऱ्याबरोबर देवळाली प्रवराला ऊस तोडायला आली, फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत राहते. तिच्या तान्ह्या गोरक्षला तोच विषाणू. "कोपीत समद्यांनाच खोकला हाय, ताई," म्हणाली. मी रडत होते तर तिनं स्वतःचा चहा माझ्या हातात दिला.

१६ डिसेंबर
वाट बघितली.

१७ डिसेंबर
सकाळी मैत्रीला व्हेंटिलेटरवर घेतलं. मॅडम आता काही समजावून सांगत नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवतात. एवढी यंत्रं, एवढी माणसं — आणि कुणाचंच काही चालत नाही.

१८ डिसेंबर
मैत्री गेली.

२० डिसेंबर
घरात सगळे हळू बोलतात. नितीन जेवत नाही. मला दूध येतंच आहे, ब्लाऊज भिजतो. सासूबाईंनी छाती घट्ट बांधून दिली. बांधता बांधता त्याच रडायला लागल्या.

२१ डिसेंबर
दवाखान्यात मैत्रीचे कागद आणायला मीच गेले. नितीनला धीर होईना. वॉर्डात जायचं नव्हतं, पण पाय वळले. गोरक्षचा ऑक्सिजन काढलेला. भीमाबाई तापानं फणफणलेली, तिचं दूध आटलेलं. वरचं दूध त्याच्या पोटात ठरत नाही. भुकेनं रडत होता. ती माझ्याकडे बघेना. मग म्हणाली, "ताई, तुमाला कसं मागू?"
मी त्याला पाजू का, मॅडमना विचारलं. त्यांनी मान डोलावली आणि पडदा ओढून घेतला.
मी गोरक्षला मांडीवर घेतलं.