उलट्या वायूची हकीकत

तीर्थरूप मावशीस,

इथूनच वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? शिलाई मशीन पायाने चालवणं तू बंद केलंस असं आईने कळवलं (आईचं अर्धंच खरं धरायचं, हे मी तुझ्याकडूनच शिकले). मी ठीक आहे, फक्त नाक कापलं गेलंय.

दोन वर्षं मी एकाच दीर्घिकेच्या मध्यभागी डोळे लावून बसले आहे, हे तुला ठाऊकच आहे. तिथे तारे आणि वायू केंद्राभोवती फिरतात, बहुधा एकाच दिशेने. नकाशात आपल्याकडे येणारी बाजू निळी, दूर जाणारी लाल. ताऱ्यांचा नकाशा शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्याने केला, वायूचा मी. सोमवारी दोन्ही शेजारी ठेवले, तर तारे एकीकडे आणि वायू बरोबर उलटा. असा वायू म्हणजे बाहेरून येऊन घरात ठाण मांडलेला पाहुणा, मोठाच शोध! एरवी माझ्याकडे पंख्याकडे बघावं तसं बघणाऱ्या साहेबांनी मला चक्क बसायला खुर्ची दिली. शुक्रवारी व्याख्यान ठरलं. ते ऐकायला बाहेरगावच्या एक बुजुर्ग शास्त्रज्ञ बाई खास आल्या.

व्याख्यानाला दहा मिनिटं असताना मला दिसलं, की माझ्या नकाशातला पूर्वेचा बाण पश्चिमेकडे आहे. म्हणजे अख्खा नकाशा आरशात बघावा तसा डावा-उजवा उलटा छापला गेला होता. गप्प बसावं असं चार वेळा वाटलं (खोटं कशाला सांगू, पाच वेळा). पण बाई पहिल्या रांगेत वही उघडून बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "वायू उलटा नाही. नकाशा उलटा आहे. चूक माझी."

कुणीतरी खोकलं. साहेब छताकडे बघू लागले. बाई वही मिटत म्हणाल्या, "इतक्या लवकर संपलेलं व्याख्यान चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. चला, चहा घेऊ."

शनिवारी बसून व्याख्यानाला आलेल्या पंचवीस जणांना माफीची पत्रं लिहिली आणि टपालात टाकली. मग तुला हे लिहायला घेतलं.

तुझी, उलट्या काळजाची नसली तरी उलट्या नकाशाची,
भाची

ता. क. पाकीट चिकटवणार तोच दाढीवाला आला, तोंड एवढंसं करून. माझी फजिती बघून त्यानेही आपला नकाशा तपासला. तोही उलटाच निघाला. दोघंही सारखेच चुकलो, त्यामुळे वायू खरोखरच उलटा फिरतोय.

आणखी एक ता. क. मागितलेली माफी परत कशी घेतात, याचा मसुदा काकांकडून लिहून घेऊन पाठव. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तो नक्कीच करून ठेवला असेल, फक्त तुला दाखवायची हिंमत झाली नसेल.