नंबरप्लेटखालचा लाल रिफ्लेक्टर

२८ मार्च
आज वाहन तपासणीत अर्नेची मोटरसायकल नापास केली. बहिणीचा, हाइडरूनचा, नवरा असला म्हणून काय झालं! मागचा मडगार्ड कापून टाकलाय, लाल रिफ्लेक्टर गायब, नंबरप्लेट आभाळाकडे बघतेय. कोन मोजला — तीस अंशांच्या वर.

"साहेब, लोक माझ्या गाडीचं ढुंगण बघून खूश होतात, आणि तू कोन मोजत बसतोस!" म्हणाला. रांगेतले सगळे हसले. मीही हसलो असतो, पण कामावर होतो.

३१ मार्च
पुन्हा आला. प्लेट सरळ, खाली रिफ्लेक्टर. पास! प्लेटवर दोन वर्षांचं गोल लेबल मीच चिकटवलं.

थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं — हा आवारातच गाडीमागे उकिडवा, हातात पाना! इथल्या बाइकवाल्यांची जुनी खोडच आहे ती. लेबल मिळालं की रिफ्लेक्टर काढून खोक्यात, तो पुढच्या तपासणीलाच बाहेर. पण माझ्या दारात? खिडकीतूनच ओरडलो, सगळ्यांदेखत. तो काहीतरी सांगत होता. मी खिडकी लावून घेतली.

४ एप्रिल
अर्नेचे फोन. उचलत नाही. त्याच्या संदेशांचा आवाजही बंद केला. हाइडरून म्हणते, "दादा, किती ताणशील रे?" ताणणार! माफी मागू दे आधी.

१३ एप्रिल
अर्ने गेला. काल संध्याकाळी.

१५ एप्रिल
आता कळलं सगळं. आयफेलच्या डोंगरात, जंगलातल्या वळणावर गाडी बंद पडली, दिवेही गेले. हा कडेला गाडीपाशी उभा. आठ वाजून गेलेले, उजेड सरत आलेला. मागून व्हॅन आली.

व्हॅनवाला म्हणतो, "मागे काहीच चमकलं नाही हो." गाडीच्या मागच्या भागाचा चुरा झालाय. त्यात रिफ्लेक्टर होता की नाही, कुणालाच सांगता येत नाही.

त्याला लेबल मी दिलं. ही खोड माहीत असून दिलं.

१८ एप्रिल
पोलिसांनी बोलावलं. रिफ्लेक्टरचं विचारलं. म्हटलं, काढला होता त्याने. "काढताना तुम्ही पाहिलं?" हो म्हणालो. पाना तर पाहिलाच होता! सही केली. मेव्हणा म्हणून लपवाछपवी करणार नाही.

२ मे
हाइडरूनला व्हॅनवाल्याच्या वकिलाचं पत्र आलं. निम्मा दोष अर्नेचा, म्हणून भरपाईही निम्मीच. माझ्या जबाबावरून.

"मुलींना काय सांगू दादा? तुमचा बाबा स्वतःच्या चुकीने मेला?" रडली नाही. ते जास्त लागलं. मी म्हटलं, जे पाहिलं ते सांगितलं.

दारात थांबली. म्हणाली, "वळणावरून त्याने मला फोन केला होता. 'दादाला संदेश पाठवलाय, ट्रेलर घेऊन येईल तो,' म्हणाला. तू का आला नाहीस, हे मी इतके दिवस विचारलं नाही."

मला कुठलाच संदेश आला नव्हता. तसं सांगितलंही तिला.

३ मे
संदेश होता, मीच आवाज बंद करून न उघडलेल्या त्याच्या संदेशांत. १२ एप्रिल, सात बावन्न. फोटोत ते वळण, बंद गाडी, आणि प्लेटखाली लाल रिफ्लेक्टर.

"गाडी बसली साहेब. ट्रेलर घेऊन ये ना. आणि हे बघ, जागेवरच आहे! त्या दिवशी ढिला वाटला म्हणून आवळत होतो. आता तरी बोल."