कृष्णाजीच्या मागावरचे कुलूप

मी, त्रिविक्रम शेषगिरी, राहणार कब्बनपेट, बेंगळूर, वय एकसष्ट, मागाची नक्षीकार्डे ठोकणारा, आज पूर्ण शुद्धीवर असून, कुणाच्या धाकाने वा भरीस पाडण्याने नव्हे तर आपल्या मर्जीने, माझ्यामागे काय कुणाचे व्हावे ते लिहून ठेवतो. दमा बळावला आहे. डॉक्टर धीर देतात. मला तो येत नाही.

१. कब्बनपेटेतले राहते घर मुलगा नरसिंहराव यास. दावा चालू असताना त्याने सरकारी नोकरीच्या भीतीने इथे येणे सोडले. बाजारात गाठले तर म्हणाला, "अण्णा, तुमचं नाव कोर्टात आलंय. साहेबांना कळलं तर?" आणि भाजीची पिशवी घेऊन पलीकडे गेला. तरी घर त्याचेच. त्याच्या आईची तशी इच्छा होती.

२. शिल्लक काही नाही. ती दाव्यात गेली. दावा काय होता ते माझ्या शब्दांत इथे राहावे, कारण निकालपत्रात ते नाही.

मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोकांप्रमाणे धागे उचलले जातात आणि काठावर मोर उमटतो. माग आणि त्यांची कार्डे विकणारे व्यापारी भीमाचार्य यांनी आपल्या मागांत धागे उचलणाऱ्या दोऱ्यांची जुळणी मुद्दाम उलटसुलट करून कुलूपबंद पेटीत ठेवली होती. त्यांची कार्डे लावली तर मोर, दुसऱ्याची लावली तर नुसता गुंता. पुढे त्यांनी इथला धंदा मोडला. जुनी कार्डे फाटली, नवी मिळेनात, किल्ली ते देईनात. शेजारचा विणकर कृष्णाजी माझ्याकडे आला. "अण्णा, माग माझा, घर माझं, आणि मी हात बांधून बसलोय. स्वल्प बघता का?"

मी कुलूप काढले आणि जुळणी सरळ केली. भीमाचार्यांच्या एकाही नक्षीची नक्कल केली नाही. ती केली असती तर मी चोर, हे मला कुणी शिकवायला नको. नक्षी काढणाऱ्याचे डोळे कसे जातात ते मी जाणतो. कृष्णाजीसाठी मी माझीच नक्षी ठोकली. मग गल्लीतल्या इतरांनी बोलावले.

किल्ली द्यायला न आलेले भीमाचार्य दाव्याला मात्र आले. न्यायाधीशांनी विचारले, "मालकाची परवानगी घेतली होती?"

"मागाचा मालक कृष्णाजी. त्याची घेतली होती."

विक्रीच्या कागदावर पेटी न उघडण्याची अट होती, खाली कृष्णाजीचा अंगठा होता. निकाल आमच्याविरुद्ध गेला. जुळणी पुन्हा उलटी करून पेट्यांना मोहोर लागली. कायद्याने ते बरोबर असेल. मला ते आजही पटत नाही, आणि आता पटवून घ्यायला आयुष्य उरलेले नाही.

कृष्णाजीने माग लाकडाच्या भावाने विकला. होसकोट्याकडे विटांच्या भट्टीवर गेला. पावसात भिंत कोसळली, तो खाली सापडला. विणकराचे हात विटांखालून निघाले, ते मी पाहिले.

३. माझे भोके पाडायचे पंच, हातोडी आणि ठोकण्याची पाटी कृष्णाजीची बायको गंगव्वा हिला द्यावी असे मी लिहिले होते. काल तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "नको अण्णा. हे घेऊन कुठल्या मागावर लावू? तुम्ही चांगलंच केलंत. पण तुम्ही आला नसतात तर ते रागावून तरी बसले असते. घरात बसले असते." मी "सरी, बरं" म्हणालो. ते कलम खोडले आहे. हत्यारे भंगारात घालावीत.

४. माझ्या दिवसांना गल्लीतल्या विणकरांना जेवायला बोलावू नये. ते येतील, आणि ते मला नको.

मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे बिंदुमाधव वकील सांगतात. गंगव्वाने काही घेतले नाही, म्हणून तिची साक्ष चालते. वरील सर्व दोघांसमक्ष वाचून सही केली आहे.

त्रिविक्रम शेषगिरी
बेंगळूर, ९ नोव्हेंबर १९६४

साक्षीदार:
१. बिंदुमाधव, वकील
२. गंगव्वा, कै. कृष्णाजी यांची पत्नी (डाव्या हाताचा अंगठा)