कोंबडीकडून निरोप

जावईबापू मुकीबी,

हे पत्र तुम्हाला मिळणार नाही. आपल्यात सासूने जावयाला तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, तिथे पत्र कुठलं! पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

मला क्षय झाल्यापासून तुम्ही दर रविवारी किलोभर साखर आणता. जावयाची भेट नाकारणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून मी ती मुकाट चहात ढवळत राहिले. परवा दवाखान्यात सिस्टर नाकिटोने रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला. "आई, मधुमेह आहे ना तुम्हाला? फुफ्फुसात जंतू गिळणाऱ्या राखणदार पेशी असतात. रक्तात साखर वाढली की त्या सुस्तावतात, उशिरा जाग्या होतात. औषध एकटं किती लढणार?"

म्हणजे चोर घरात आणि आमचे पहारेकरी लग्नात जेवल्यासारखे लोळतायत!

आज तुम्ही अंगणात आलात. मी पडद्याआड. शेवटी दारातल्या कोंबडीवरच खेकसले, "ए बये, माझी साखर बंद झालीय! दवाखान्यातून सांगितलंय!"

वाटलं, दुखावलात. मग तुमचा आवाज आला, "कोंबडे, आईंना विचार, शेंगदाणे चालतील का?"

"कोंबडे, भाजून आणायला सांग."

तुम्ही गेल्यावर तिला मूठभर मका जास्त टाकला. खरं तर पुढच्या रविवारी ती तुमच्यासाठीच कापायची होती. आता कशी कापू? आपल्या दोघांचं टपालखातं तीच आहे.

पडद्याआडून,
तुमची सासू नाबोसा